मदत हवी आहे : टीम विखुरलेली आहे, जिव्हाळा कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी. मी जळगावहून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी आले, ती इथेच राहिले. टीम नऊ जणांची. चौघं पुण्यात, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जातात. आम्ही बाकीचे जळगाव, धुळे, शिरपूरला घरूनच.

मध्यंतरी शिरपूरच्या सहकाऱ्याचे वडील वारले. तो चार दिवस रजेवर गेला, परत आला, कॅमेरा बंद ठेवून रोज "हो, झालं" म्हणत राहिला. आम्हाला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. ऑफिसात शेजारी बसला असता तर मुंडण केलेलं डोकं बघूनच कुणीतरी पाठीवर हात ठेवला असता. टीम लीड मी आहे, आणि मीसुद्धा विचारलं नाही. ते मनातून जात नाही.

शुक्रवारचे ऑनलाइन खेळ करून पाहिले, निम्मे जण म्यूटवर असतात. कॅमेऱ्याची सक्ती मला नको. कुणाचं घर दोन खोल्यांचं, उन्हाळ्यात कूलरचा घरघराट. थंडीत सगळ्यांना शेतात बोलावून तुरकाठ्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खाऊ घालणार आहे, पण तो एकच दिवस.

रोजच्या कामात तुम्ही काय करता? एकेकाला कामाशिवाय फोन केला तर चौकशी केल्यासारखं वाटतं का? आणि पुणेकर चहावर जे ठरवतात, ते आमच्यापर्यंत वेळेत कसं पोहोचवायचं? अनुभव असेल त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.