संपकरी शिक्षकांना साथ देताना : तुमचे अनुभव लिहा

पगारासाठी, पेन्शनसाठी, अनुदानासाठी शिक्षक मुंबईत येतात तेव्हा आपल्याला ते आझाद मैदानात दिसतात, नाहीतर टीव्हीच्या खालच्या पट्टीत. त्या दिवसांत पालक, शेजारी, नातेवाईक म्हणून तुम्ही काही केलंत का? किरकोळ असलं तरी चालेल. फुकट गेलं असेल तर तेही लिहा. नुसतं 'पाठिंबा आहे' नको, प्लीज.

सुरुवात मीच करते. जुलै २०२५. माझी मामेबहीण मराठवाड्यात अंशतः अनुदानित शाळेवर आहे, तेव्हा वीस टक्के अनुदानाच्या टप्प्यावर होती. म्हणजे पूर्ण पगाराचा पाचवा हिस्सा हातात. वाढीव टप्प्याचा निर्णय ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाला होता, पैशांची तरतूद मात्र होत नव्हती. ८ आणि ९ जुलैला शाळा बंद ठेवून सगळे आझाद मैदानात आले. मी डबा भरून नेला तर ती म्हणाली, "ताई, खायला ढीगभर आहे गं." बायका पाणीच पीत नव्हत्या. प्यायलं की जायचं कुठे? वरून पाऊस, खाली चिखल, साड्या पोटरीपर्यंत भिजलेल्या. शेवटी फोर्टातल्या एका ओळखीच्या ऑफिसात विचारलं. तिथल्या मॅनेजरांनी कुरकुर न करता बाथरूम उघडून दिलं, मोबाइल चार्जिंगला लावू दिले. दुसऱ्या दिवशी मी डब्याऐवजी कोरडे परकर आणि प्लॅस्टिकची ताडपत्री नेली.

प्रभादेवीकर :
मार्च २०२३, जुन्या पेन्शनचा संप. १४ तारखेपासून पोरं घरी. आमच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त सर राहतात. आम्ही म्हटलं, सर, हॉलमध्ये जरा गणित घ्या की. चक्क नाही म्हणाले. "मी वर्ग घेतला तर संप फोडल्यासारखं होईल. कॅरम लावा, मी बसतो." आणि बसले खरोखरच, रोज, दुपारभर. एकदा सगळी वरात राणीच्या बागेत घेऊन गेले, नेमका बुधवार! फाटकावरूनच परत. आमच्या नोकऱ्या सांभाळल्या गेल्या आणि सरांचं तत्त्वही.

साधा माणूस :
मी थोडं वेगळं लिहितो. त्याच संपात माझी मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली होती. परीक्षा पार पडली, पण तोपर्यंत घरात कुणाला झोप नव्हती. मागणी रास्त आहे हे मान्य. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, एकाच स्टाफरूममध्ये दोन न्याय. तरी मार्चच निवडायचा? मी काहीही मदत केली नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

जुनी चाळ :
१९७७-७८ चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप ५४ दिवस चालला. वडील सरकारी नोकरीत, आम्ही परळला. पगार बंद झाल्यावर शेजारच्या गिरणी कामगाराच्या घरून ज्वारीचं पीठ यायचं. काकू दारातून "जास्त दळलं गेलं" म्हणून ठेवून जायच्या. रोज कुणाचं जास्त दळलं जातं? १९८२ च्या जानेवारीत त्यांचा संप सुरू झाला. आईने वर्षभर जमेल तसं दिलं, पण आमचा संप दोन महिन्यांच्या आत आटोपला होता. त्यांना शेवटी खोली विकून गावी जावं लागलं.

सेवक :
मी शिक्षणसेवक होतो. तीन वर्षं मानधनावर, महिना ६,०००. (२०२३ मध्ये प्राथमिकचं मानधन १६,००० झालं, तोवर मी कायम झालो होतो.) काम तेच, हजेरी तीच, निवडणुकीची ड्यूटीही तीच. वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं किराणा दुकान. आंदोलनाला जातोय म्हटल्यावर त्यांनी वहीत माझं पान उघडलं आणि म्हणाले, "मिटलं की बघू, सर." त्याआधी दोन वर्षं त्यांना वाटत होतं की मला साठ-सत्तर हजार मिळतात! म्हणून सांगतो, मैदानात आलात तर आनंदच आहे, पण आधी पालकसभेत विचारा : आमच्या मुलांना शिकवणारे कोण मानधनावर आहेत, कोण कितव्या टप्प्यावर आहेत? मुख्याध्यापक अडखळतील. विचारा तरीही.