चित्रातला चष्मा नेमका कुणाच्या काळातला?

वर कुणीतरी लिहिलंय की जुन्या चित्रात एखाद्याच्या नाकावर चष्मा दिसला म्हणजे त्या माणसाच्या काळात चष्मा होताच. इथे जरा थांबायला हवं. इटलीत त्रेविझोला सान निकोलो चर्चच्या मठात तोम्माझो दा मोदेनाने १३५२ मध्ये डॉमिनिकन या कॅथलिक साधूंच्या पंथातले ४० विद्वान भिंतीवर रंगवलेत, जो तो आपापल्या मेजाशी वाचतोय नाहीतर लिहितोय, आणि त्यातल्या कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्मगुरू) ह्यू यांच्या नाकावर चष्मा आहे, चष्म्याचं सगळ्यात जुनं चित्र हेच मानतात. पण ह्यू वारले १२६३ मध्ये, आणि फ्लोरेन्समध्ये १३०६ साली जोर्दानो नावाचे धर्मोपदेशक प्रवचनात सांगतात की चष्मे बनवण्याची कला सापडून अजून २० वर्षंही झाली नाहीत!

म्हणजे पुरावा आहे तो चित्रकाराच्या काळाचा, आणि तो फार बारकाईचा आहे. दोन गोल भिंगं, प्रत्येकाला वेगळी कडी आणि छोटा दांडा, दोन्ही दांडे खिळ्याने जोडलेले. कानावरच्या काड्या नाहीतच, नुसता नाकावर चिमटून बसवायचा. त्याच दालनात दुसरे एक विद्वान हातात भिंग धरून वाचतायत, तेही बघा.

मला वाटतं ह्यू यांना चष्मा घालण्यात पंथाचा अभिमानही असणार, कारण पिसामध्ये चष्मे बनवून ती कला खुल्या मनाने इतरांना शिकवणारे अलेस्सांद्रो देल्ला स्पिना हेसुद्धा डॉमिनिकनच. या चित्राचा फोटो मोठा करून तो नाकावरचा खिळा नक्की बघा, अप्रतिम काम आहे.