मदत हवी आहे: खासगी मातीच्या बांधातून झिरपणारं पाणी गढूळ झालंय

मुळशी तालुक्यात आम्हा आठ जणांच्या सामाईक जमिनीवर ओढा अडवून केलेलं तळं आहे, फक्त पोहायला आणि होडीसाठी. मातीचा भराव, उंची 6 मीटर, लांबी 70. सांडवा डाव्या टोकाला, मोकळा आहे. तळातून पाणी सोडायची सोय नाही.

उजव्या टोकाला, मागच्या उताराच्या पायथ्याशी पाणी येतंय. पूर्वी 10 लिटरची बादली 40 सेकंदांत भरायची, आता 25. तेही तळं अर्धा मीटर उतरलेलं असताना! काचेच्या बरणीत पाणी रात्रभर ठेवलं, तर तळाशी बोटाच्या पेराएवढा पिवळा गाळ बसला. माझी खरी काळजी तीच आहे: भरावातली माती आतून वाहून येत असावी.

झुडपं काढली, खेकड्यांची बिळं चिकणमातीने बुजवली, आतून काळी माती चोपली. फरक नाही. भरावावरच्या जुन्या उंबराला हात लावलेला नाही, मुळं कुजून पोकळी होईल म्हणून.

धरण सुरक्षितता कायदा, 2021 एवढ्या छोट्या बांधाला लागू नाही, त्यामुळे सरकारी तपासणी नाही. पण खाली 400 मीटरवर वस्ती आहे. तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, ते डोळ्यांसमोरून जात नाही. वस्तीवर सांगून ठेवलंय. तज्ज्ञ आठवड्याने येणार आहेत.

तोवर सायफनने पाणी उतरवायचंय. एकदम उतरवलं तर आतला उतार घसरतो, मग दिवसाला किती सेंटिमीटर सुरक्षित? आणि पायथ्याशी वाळू-खडीचा उलटा फिल्टर (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे थर) आधी टाकायचा की पाणी उतरल्यावर?