सुलकाटा कासवाला रोज काय खायला घालायचं? सोलापुरात मिळेल असं सांगा

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. माझा आत्येभाऊ नोकरीसाठी परदेशात गेला आणि त्याचं सुलकाटा कासव आता आमच्या घरी आलंय. परिवेशवर, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाच्या वेबसाइटवर, त्याची नोंदणी आहे, माझ्या नावावर करून घ्यायचं काम चालूय. वय चारेक वर्षं, वजन तीन किलोच्या आसपास.

प्रश्न खाण्याचा आहे. आत्येभावाकडं त्याला काकडी, टोमॅटो, कोबी, गाजर आणि अधनंमधनं केळं मिळायचं, आता आमच्याकडं पण तेच मागतंय, दुसरं काही ठेवलं की सरळ पाठ फिरवून जातंय. आई म्हणते भाकरी कुस्करून घाल, बाबा लक्ष्मी मंडईतनं पालक आणतात. नेटवरच्या तक्त्यात डँडेलियन, टिमथी गवत असलं लिहिलेलं असतं, ते इथं कुठं शोधू? त्याला वेगवेगळं आणि मानवेल असं खायला मिळावं एवढंच वाटतं, इथल्याच वस्तूंतनं आठवडा कसा बसवायचा ते सांगाल का? आणि पाठीवरचे चौकोन थोडे टेकडीसारखे वर आल्यासारखे दिसतात, ते खाण्यामुळंच का?

नान्नज_माळरान
जात सांगितलीत ते बरं झालं, कारण नुसतं "कासव" म्हणून विचारलं की उत्तर चुकतं. पाण्यातल्या कासवाला मासे, किडे लागतात, रेडफूट जातीचं कासव फळं खातं, आणि सुलकाटा म्हणजे पक्कं गवतखाऊ.

नोंदणीचं तेवढं अर्धवट सोडू नका. २०२४ च्या नियमांप्रमाणं असे परदेशी प्राणी जवळ असणं आणि दुसऱ्याच्या नावावर करणं, दोन्हीची नोंद लागते. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, आपलं देशी स्टार कासव घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, ते कुणाकडं दिसलं तर काय खायला घालू हे विचारण्याआधी वन विभागाच्या १९२६ नंबरला फोन करा.

हराळी_आणि_जास्वंद
मी सुलकाटा पाळतो, होटगी रोडला गच्चीवरच वाफे केलेत, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

हे कासव सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातलं, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत. तिथं त्याला गवत, वाळलेला पाला आणि पावसानंतर चार हिरवी पानं एवढंच मिळतं, त्याचं आतडं त्यावरच चालतं. चोथा मोठ्या आतड्यात सावकाश आंबतो आणि तिथले जिवाणू त्याचं अन्न करतात, त्यात केळं किंवा टोमॅटो पडला की साखरेनं सगळं बिघडतं, पातळ शी होते, जंत वाढतात. भाकरी, भात, डाळ, कुत्र्याचं खाणं यातलं काहीच नको, आईंना प्रेमानं सांगा. म्हणून ताटात शंभरातले ऐंशी-नव्वद भाग गवत पाहिजे, ओलं किंवा वाळलेलं. वेगवेगळं द्यायचं म्हणजे मंडईतल्या दहा भाज्या आणायच्या असं नाही हो, गवतं आणि पाला बदलत राहायचा.

हराळी म्हणजे आपण गणपतीला वाहतो ती दुर्वा, ही याचं मुख्य जेवण. जुड्या विकत मिळतात पण त्या कुठनं उपटल्यात कळत नाही, म्हणून पसरट टोपल्यात लावा, आपल्या उन्हात झपाट्यानं वाढते, दोन-तीन टोपली आलटून पालटून कापायची. मारवेल नावाचं चाऱ्याचं गवत मिळालं तर उत्तम. उरलेल्या भागात जास्वंदाची पानं आणि फुलं, तुतीचा पाला, पाथरीची भाजी (तुमच्या त्या डँडेलियनच्याच कुळातली आहे, रानात फुकट मिळते), कधी शेवग्याचा पाला, आणि फड्या निवडुंगाचं पान काटे पूर्ण काढून, त्यात कॅल्शियम चांगलं असतं. पण निवडुंग थोडाच, जास्त झाला की पोट ढिलं होतं. आणि त्रिधारी, शेर असला चीक निघणारा प्रकार चुकूनही नको, तो विषारी असतो.

पालक, चुका, अळू, राजगिरा, घोळ यात ऑक्सलेट भरपूर, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, त्यामुळं पालक रोजचा नकोच. कोबी, फ्लॉवर रोज दिली तर थायरॉइडला त्रास. एखाद्या दिवशी एक पान गेलं तर काही होत नाही, रोजच्या सवयीनं बिघडतं.

टेकड्यांचं म्हणाल तर सगळा दोष खाण्याचा नाही. २००३ मध्ये सुलकाटाच्याच पिल्लांवर अभ्यास झाला होता, त्यात खाण्यातल्या प्रोटीनपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा परिणाम जास्त दिसला, कोरड्या हवेत वाढलेल्यांची पाठ जास्त उंचावली. आपल्याकडं मार्च ते मे हवा किती कोरडी असते बघताच तुम्ही. तर त्याला लपायला एक खोकं करा, आत ओलसर माती किंवा नारळाचा भुसा ठेवा, कोमट पाण्याच्या उथळ परातीत हनुवटीच्या खालपर्यंत पाणी ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसवत जा. आता वर आलेलं खाली बसणार नाही पण नवीन वाढ सपाट येऊ शकते.

बार्शीचा_शेतकरी
वरचं सगळं बरोबर, चाऱ्याचं माझ्याकडनं थोडं. गावाकडनं गवत मागवणार असाल तर डाळिंबाच्या नाहीतर द्राक्षाच्या बागेतलं अजिबात आणू नका, आमच्या भागात फवारणी किती होते ते मला माहितीय, कडेचं गवत पण त्यात भिजतं. त्यापेक्षा रेशीमवाला शेतकरी गाठा. किड्याला औषध सोसत नाही म्हणून तो तुतीवर पाला काढायच्या आधी फवारत नाही, त्याच्याकडनं पाला आणला तर निर्धास्त.

ज्वारी सोलापूरची खरी पण कोवळं हिरवं धाट कासवाला घालू नका, त्यात सायनाइडचं विष तयार होतं, पाणी तुटलेल्या कोवळ्या ज्वारीत शिरलेली जनावरं दगावतात ते आम्ही बघतो. लसूणघास पण गाईसारखा ढीगभर नको, प्रोटीन जास्त असतं त्यात, चिमूटभर कधीतरी ठीक. आणि गवत निवडून घ्या, गाजरगवत, धोतरा, घाणेरी, कण्हेरीचं पान मधे आलं तर ते कासव काही बाजूला काढत बसणार नाही.

जुळे_सोलापूरकर
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. काल आईनं स्वतःच भाकरी बंद केली. पण अडचण अशी की हराळी ठेवली तर वास घेऊन निघून जातंय, टोमॅटोशिवाय तोंड उघडत नाही. उपाशी ठेवायचं जिवावर येतं हो. आणि कॅल्शियमची गोळी द्यायची का?

हराळी_आणि_जास्वंद
एकदम बंद करू नका. हराळी कात्रीनं अगदी बारीक कापा, टोमॅटोचा गर हातानं चोळून त्यात माखा, म्हणजे वास टोमॅटोचा आणि तोंडात गवत. दर दोन-चार दिवसांनी गर कमी करत जा. मधल्या काळात जास्वंदाचं लाल फूल वर ठेवा, रंग बघून ती धावतच येतात. सकाळी ऊन चढायच्या आत ठेवायचं, त्या वेळी भूक चांगली असते. धडधाकट कासव दोन-चार दिवस कमी खाल्लं म्हणून काही होत नाही, पण नाकातनं पाणी येत असेल, डोळे मिटून पडून असेल किंवा वजन उतरत असेल तर हट्ट सोडा आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरला दाखवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्याला वजन करून वहीत लिहा, नजरेनं कळत नाही.

गोळी नको. पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, कटल बोन म्हणून मागा, तो तसाच कोपऱ्यात टाकून ठेवा, लागेल तसं कुरतडतं. पण कॅल्शियम अंगी लागायला ऊन लागतं आणि ते काचेआडचं चालत नाही, त्यासाठी लागणारे उन्हातले यूव्हीबी किरण काच अडवते. अंगणात सोडा, सावली आणि पाणी जवळ ठेवून. मे महिन्यात दुपारी मात्र आत, आपलं ऊन त्यालाही झेपत नाही.

नर्सरीतनं जास्वंद आणाल तर लगेच पानं तोडू नका, तिथं औषध मारलेलं असतं. दोन-तीन महिने आपल्याकडं वाढू द्या, नवीन पालवीच घाला.

बार्शीचा_शेतकरी
तुतीच्या काड्या पाहिजे असतील तर सांगा, सोलापूरला येणं होतं माझं. बोटाएवढी जाड काडी मातीत रोवली, पाणी दिलं की फुटते. दोन झाडं लावा, एक छाटायचं आणि एक वाढू द्यायचं, म्हणजे पाल्याला खंड पडत नाही. पुढं हे जनावर चाळीस-पन्नास किलोचं होतंय, आत्तापासनं जागा धरून ठेवा.

जुळे_सोलापूरकर
चार काड्या आणा दादा, मेसेज करतो. बाबांना जागा दाखवून ठेवलीय, मागच्या भिंतीला सकाळचं ऊन असतं.