मेदुपच्या कर्णभूषणांतील सैल गाठी
मेदुप म्हणजे दोरीच्या गाठी घालण्याची कोरियन कला. तिच्या कानातल्यांची गाठ वापरताना सैल पडते, म्हणून ती आधीच डिंकाने पक्की करावी, असा एक सल्ला दिला जातो. ते मला अजिबात पटत नाही. मेदुपमध्ये एकच दोरी मधोमध दुमडून तिच्या दोन पदरांनी गाठ घालतात आणि मग टोचणीने एकेक वळसा क्रमाने ओढत सारा सैलपणा टोकांपर्यंत नेतात. घट्टपणा येतो तो याच संथ कामातून, आणि नवशिके नेमकी इथेच घाई करतात. हानबोक या पारंपरिक कोरियन पोशाखावर लटकवायच्या नोरिगे या दागिन्यात मोठ्या गाठीच्या वर-खाली ‘दोरे’ नावाची छोटी, घट्ट गाठ असते; तीच इथेही घालावी. दोरी निसरड्या सॅटिनची नको, गोल विणीची भरीव रेशमी असावी. डिंक फक्त कापलेल्या टोकांना, तोही थेंबभर लावावा.