शब्दचर्चा: इमोट, पॉवरपोझिंग आणि 'परस्पर'

मूळ प्रश्न

आम्ही काही जण मराठीतून टेक्स्ट रोलप्ले खेळतो. चित्र नाही, आवाज नाही. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि ते काय बोलतं, काय करतं ते लिहीत जायचं. आमची कथा घाटातल्या एका जुन्या जकातनाक्यावर घडते. नवीन लोक येऊ लागलेत म्हणून नियम लिहायला घेतले आणि शब्दांपाशीच अडलो.

पात्राच्या बोलण्याला 'संवाद' म्हटलं की सगळ्यांना कळतं. पण 'राणोजी कंदील वर धरतो' अशा, कृती सांगणाऱ्या वाक्याला इंग्रजी खेळांत इमोट किंवा पोझ म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणावं? आणि दुसऱ्याच्या पात्राने काय केलं तेही आपणच लिहून टाकणं, म्हणजे पॉवरपोझिंग, त्याला काय म्हणावं? परवा एकाने हे लिहिलं:

*राणोजी केशरचा हात धरून तिला ओढत चौकीत नेतो आणि ती घाबरून किंचाळते.*

केशर जिची होती ती त्यानंतर खेळायला आली नाही. लिहिणाऱ्याला मात्र आपण काय वावगं केलं ते खरंच उमगत नव्हतं. पॉवरपोझिंगला बरेच जण 'गॉडमोडिंग'ही म्हणतात, पण त्याला 'गॉडमोडिंग करू नका' सांगून काही पोचेल असं वाटत नाही. आपल्या भाषेतला शब्द सापडला तर समजावणं सोपं जाईल.

उत्तर

इमोटला 'कृतिवाक्य' म्हणा. सरळ आहे, कोणालाही कळेल. 'अभिनय' नको, त्यात खोटेपणाची छटा येते. 'पवित्रा' हा पोझला जवळचा वाटतो खरा, पण तो कुस्तीचा आणि राजकारणाचा शब्द झालाय. कंदील वर धरण्याला कोणी पवित्रा म्हणणार नाही.

उत्तर

'रंगसूचना' का नको? छापील नाटकांत कंसात जे असतं तेच तर हे. (हसत), (दार लावून घेते), (जातो). वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, सगळं जुळतं.

त्यावर

रूप जुळतं, पण नातं जुळत नाही. रंगसूचना नाटककार नटाला देतो. इथे नाटककारच नाही. आपल्याकडच्या दशावतारात जसे नट संवाद जागच्या जागी रचतात आणि समोरच्याच्या तोंडचं वाक्य त्याच्यासाठी सोडतात, तसा हा प्रकार आहे. 'रंगसूचना' हा शब्द घेतला तर नवख्याला वाटेल की आपण दुसऱ्यालाही सूचना देऊ शकतो, आणि तक्रार नेमकी त्याचीच आहे. 'कृतिवाक्य'ला +१.

उत्तर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो शब्दापुरता नाही.

इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने १९७८ मध्ये मड हा अनेकांनी मिळून खेळायचा मजकुराचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स अ‍ॅस्पनेसचं टायनीमड आलं. तिथे लढून गुण मिळवण्यापेक्षा जागा रचणं आणि एकमेकांशी बोलणं याला महत्त्व आलं, आणि त्या कुळातल्या खेळांत 'पोझ' ही आज्ञा रुळली. अपूर्णविराम टाकून 'कंदील वर धरतो' लिहिलं की यंत्र आधी तुमच्या पात्राचं नाव जोडून वाक्य सगळ्यांना दाखवतं. १९८८ मध्ये फिनलंडच्या ओलू शहरात यार्को ओइकारिनेनने तयार केलेल्या आयआरसी या गप्पांच्या यंत्रणेवर हेच काम 'स्लॅश मी' (/me) ही आज्ञा करते.

म्हणजे वाक्याचा कर्ता तुमचंच पात्र राहील याची काळजी यंत्र घेतं. कर्त्याच्या पुढे काय लिहिलंय ते मात्र यंत्र पाहत नाही. राणोजीच्या वाक्यात कर्ता राणोजीच आहे, तरी मधल्या मधे केशर ओढली गेली, चौकीत पोचली, घाबरली आणि किंचाळलीसुद्धा. चारही गोष्टी केशरच्या मालकिणीने ठरवायच्या होत्या.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते लॅम्डामूवर दिसलं. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिसने सुरू केलेलं ते मजकुराचं जग. तिथे 'मिस्टर बंगल' नावाचं पात्र चालवणाऱ्याने 'व्हूडू बाहुली' नावाचा प्रोग्राम वापरून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावावर, भरल्या दिवाणखान्यात, लैंगिक अत्याचाराची वाक्यं उमटवली. ज्यांची ती पात्रं होती त्यांच्यासमोर त्यांचं नाव भलतंच काही करत होतं. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने १९९३ मध्ये 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्यावर लिहिलं. ते पात्र शेवटी पुसून टाकण्यात आलं, आणि लॅम्डामूचे निर्णय सभासदांच्या अर्जावर आणि मतदानावर घ्यायची पद्धत त्यानंतर आली. 'नुसता मजकूर तर आहे' असं म्हणणाऱ्याला हा प्रसंग जरूर सांगा. पात्र लिहिलेलं असतं, पण अपमान लिहिणाऱ्या माणसाचा होतो.

तुमच्या राणोजीवाल्याचा हेतू तसा नव्हता हे उघड आहे. त्याला समजावायचं तर व्याकरणाकडे न्या. आपण दुसऱ्याची कृती लिहितोय याची खूण मराठीत क्रियापदातच सापडते. पडणे–पाडणे, बसणे–बसवणे, घाबरणे–घाबरवणे, थांबणे–थांबवणे या जोड्या घ्या. जोडीतलं दुसरं क्रियापद लिहिलंत की पहिलं समोरच्याच्या नावावर आपोआप मांडलं जातं. 'राणोजी केशरला थांबवतो' म्हटलं की केशर थांबलीच. तिला कोणी विचारलं? 'मारणे' तर आणखी घातक, कारण 'राणोजी चोराला मारतो' यात एक फटका आहे की चोराचा जीव गेला, ते वाचणाऱ्याला कळतच नाही. दोघं दोन अर्थ धरतात आणि भांडण लागतं.

आता ही दुसरी रांग बघा: उगारणे, रोखणे, नेम धरणे, झेपावणे, धावून जाणे, आडवं येणे, हात पुढे करणे. ही क्रियापदं समोरच्याच्या अंगापाशी येऊन थांबतात. 'तलवार उगारतो' यात वार झालेला नाही, पण होणार आहे हे सगळ्यांना दिसतंय. वाक्यात धार आहे आणि पुढची चाल दुसऱ्याच्या हातात आहे. कृतिवाक्याला याहून जास्त काय हवं? असं क्रियापद सापडलं नाही तर 'करू पाहतो', 'करायला जातो' आहेच, पण ओळीने चार वाक्यं 'पाहतो, पाहतो' झाली की प्रसंग मिळमिळीत होतो. नेमकं क्रियापद शोधणं बरं.

तेच वाक्य असं होईल:

*राणोजी कंदील खाली ठेवतो आणि केशरचं मनगट धरायला झेपावतो. 'चल चौकीत!'*

केशर आता हात मागे घेऊ शकते, कंदिलाला लाथ घालू शकते, किंवा 'चला' म्हणून स्वतःच पुढे होऊ शकते. राणोजीच्या खेळाडूलाही काय होईल ते ठाऊक नाही, आणि खेळायला येतो तो त्यासाठीच ना?

दुसऱ्याच्या भावना लिहिण्याचंही तसंच. 'राणोजीच्या नजरेने केशरच्या अंगावर काटा येतो' हे चालणार नाही. 'अंगावर काटा यावा अशा नजरेने राणोजी बघतो' हे चालेल. 'येतो' आणि 'यावा' यांतल्या फरकात केशरचं सगळं स्वातंत्र्य आहे. विध्यर्थाचा इतका उपयोग मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

उत्तर

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. पॉवरपोझिंगसाठी माझ्या मनात 'परस्पर' हा शब्द आला. विकत घेणाऱ्याला न विचारता माल पाठवला तर आपण म्हणतो परस्पर पाठवला. लग्न ठरवलं, घर विकलं, नाव घातलं, सगळं 'परस्पर'. ज्याचा हक्क त्याला न विचारता केलेलं, हा अर्थ घराघरात पक्का आहे. तेव्हा 'परस्परकृती'.

त्यावर

समासात गेला की हा शब्द उलटतो. परस्परसंबंध, परस्परसहकार्य, परस्परविश्वास: तिथे 'एकमेकांतला' हाच अर्थ. 'परस्परकृती' वाचून नवखा म्हणेल, दोघांनी मिळून केलेली कृती, म्हणजे उत्तमच की! क्रियाविशेषण म्हणून सुटा ठेवलात तर मात्र फार चांगला शब्द आहे: 'दुसऱ्याचं पात्र परस्पर हलवू नका.'

उत्तर

गॉडमोडिंग आणि पॉवरपोझिंग यांची गल्लत नको. बरेच जण दोन्हींना गॉडमोडिंगच म्हणतात, पण निदान आपल्या नियमांत वेगळे ठेवा. दुसऱ्याला हलवणं म्हणजे पॉवरपोझिंग आणि स्वतःला काहीच लागू न देणं म्हणजे गॉडमोडिंग. प्रत्येक वार चुकवतो, प्रत्येक विष ओळखतो, प्रत्येक कुलूप उघडतो असा खेळाडूही खेळ मारतो. वर म्हटलं की समोरच्याने जागा ठेवावी. मग त्या जागेत कधीतरी घाव घेण्याचा मोठेपणाही हवा. याला आपल्याकडे शब्द तयार आहे: अमरपट्टा. 'अमरपट्टा बांधून येऊ नका' एवढं वाक्य पुरे.

याला अपवाद आहेत. दोघांनी आधी ठरवलं असेल, किंवा फासे टाकून निकाल लावायचं ठरलं असेल, तर परिणामही लिहावा. काही ठिकाणी प्रसंग चालवणारा सूत्रधार निकाल देतो. मुद्दा संमतीचा आहे.

उत्तर

काळाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. इंग्रजीत यंत्राने नाव पुढे चिकटवलं तरी भूतकाळ चालून जातो. मराठीत नाही. 'राणोजी' यापुढे 'तलवार उपसली' आलं तर वाक्य मोडतं, 'राणोजीने' हवं. मश (टायनीमडवरून निघालेला प्रकार) कुळातल्या खेळांत अर्धविराम टाकला तर यंत्र मधे जागा न सोडता जोडतं, त्यामुळे 'ने' किंवा 'चा' नावाला चिकटवता येतो. पण पात्राचं नाव 'म्हातारा' असेल तर 'म्हाताराने' होणार, सामान्यरूप यंत्राला ठाऊक नाही. म्हणून कृतिवाक्य वर्तमानकाळातच लिहा: 'म्हातारा तलवार उपसतो.' डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर 'स्लॅश मी' नाव वाक्यात जोडत नाही, अक्षरं नुसती तिरकी करतं. तिथे नाव स्वतः लिहावं लागतं आणि भूतकाळही जमतो, पण मग अख्ख्या प्रसंगात एकच काळ ठेवा.

आणि प्रथम पुरुष टाळा. 'मी तुझा गळा धरायला धावतो' हे वाचताना पात्र आणि माणूस यांच्यातली भिंत फार पातळ होते. त्यातून मराठीत 'धावतो' की 'धावते' हेही सांगावं लागतं. ते लिंग पात्राचं, खेळाडूचं नाही. त्यावरून कोणाला 'तू खरं कोण?' असं विचारू नये, हेही नियमांत असू द्या.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सगळ्यांचे आभार. अजून दोन गोष्टी विचारतो. पात्राच्या मनातलं कृतिवाक्यात लिहावं का? आमच्याकडे काही जण 'केशरला राणोजीचा मनातून तिटकारा वाटतो' असं लिहितात. आणि ओओसी, म्हणजे पात्राबाहेर येऊन बोलणं, त्याला काय?

उत्तर

ओओसीला 'अवांतर'. मराठी संकेतस्थळांवर तो रुळलेलाच आहे. इंग्रजीत दुहेरी कंसाची पद्धत आहे, तीच ठेवा: ((अवांतर: मला दहा मिनिटं उठावं लागतंय, केशर झोपली असं समजा.)) राग आला, प्रसंग नको वाटला तर तोही अवांतरात सांगावा. पात्राच्या तोंडून सूड घेऊ नये.

मनातलं म्हणजे 'स्वगत'. नाटकात ते प्रेक्षकांना ऐकू येतं, दुसऱ्या पात्राला नाही. इथे वाचणारा प्रत्येक जण प्रेक्षकही आहे आणि पात्रही, म्हणून घोळ होतो. राणोजीच्या खेळाडूला तिटकारा कळला, राणोजीला कळला नाही, आणि पुढच्या वाक्यात राणोजी विनाकारण चिडलेला असतो. याला मेटागेमिंग म्हणतात. स्वगतावर बंदी घालावी असं मी म्हणणार नाही, चांगलं लिहिणारे त्यातून पात्र उभं करतात. पण तिटकारा दिसेल असं लिहिलं तर समोरच्याला धरायला काहीतरी मिळतं: 'केशर उत्तर न देता पदर सावरून कंदिलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहते.' एकालाच ऐकू जाणाऱ्या कुजबुजीला मात्र जुना, नेमका शब्द आहे, 'जनांतिक'. संस्कृत नाटकांत तो याच अर्थाने येतो.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

नियमांचा मसुदा असा करतोय:

*कृतिवाक्य वर्तमानकाळात, तृतीय पुरुषात लिहा. आपल्या पात्राची कृती समोरच्याच्या अंगापाशी थांबवा. दुसऱ्याचं पात्र परस्पर हलवू नका, त्याच्या मनात काय आलं ते लिहू नका. अमरपट्टा बांधून येऊ नका. आपलं वाक्य झालं की इतरांना लिहू द्या. काही खटकलं तर अवांतरात सांगा, आणि कोणी 'थांबा' म्हटलं की प्रसंग तिथेच थांबेल.*

केशरच्या खेळाडूला हा दाखवणार आहे. ती 'हो' म्हणाली तरच लावू.

उत्तर

एकच बदल सुचवते. 'हलवू नका'ऐवजी 'चालवू नका' घ्या. 'पात्र चालवणे' हे तुमच्याकडे सगळे बोलतातच, आणि 'हलवणे' नुसतं ढकलण्यापुरतं वाटतं. किंचाळायला लावणं त्यात बसत नाही.