लग्नाच्या आदल्या दिवशी पपईचं फेशियल चालेल का?

दादरची मावशी: भाचीचं लग्न रविवारी, डोंबिवलीला. पार्लरवाली म्हणते, "सगळं नॅचरल आहे हो." माझी त्वचा तेलकट, वर लोकलचा घाम. शनिवारी करू का?

गिरगावकरीण: शनिवारी अजिबात नको! मी स्वतः पार्लर चालवते. वाफ देऊन ब्लॅकहेड काढले की नाकाच्या कडा लालबुंद होतात, फोटोत तेच दिसतं. चार-पाच दिवस आधी उरका. आणि नॅचरलचं म्हणाल तर पपईत पपेन नावाचं एन्झाइम असतं. त्याने मृत पेशी सुटतात, पण काहींना चांगलंच चुरचुरतं. आधी कानामागे लावून एक दिवस थांबा. पॅकमध्ये लिंबू पिळायला घेतलं तर सरळ हात धरा. त्याचा पीएच 2 च्या आसपास, त्वचेचा 5 च्या. पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त. तुम्हाला मुलतानी माती आणि गुलाबपाणी बरं. पण तडकेपर्यंत वाळवू नका, ओलसर असतानाच पुसा.

ठाणेकर: फेशियलच्याच दिवशी थ्रेडिंग, ब्लीच नको. बायकोचा अनुभव, मला बोलणी बसली.

दादरची मावशी: पार्लरवालीच्या पॅकची डबी बघितली, घटकच छापलेले नाहीत! मंगळवारी मातीच लावते.

गिरगावकरीण: नंतर सनस्क्रीन लावा हं, ढग असले तरी.